डिजिटल स्वाक्षरी : दिसणे वेगळे, पडताळणे वेगळे

द्राक्षाच्या एका नमुन्याच्या तपासणी अहवालात एखाद्या कीडनाशकाचा उर्वरित अंश ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो नोंदलेला आहे, असे समजू. दशांश चिन्हापुढे आणखी एक शून्य घातले की तोच आकडा ०.००५ होतो. ज्या कीडनाशकासाठी युरोपीय संघाने स्वतंत्र कमाल अवशेष मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तेथे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. म्हणजेच मर्यादेच्या पाचपट अंश असलेला माल एका शून्याच्या बळावर मर्यादेच्या निम्म्यावर येऊन बसतो. कागदी अहवालात असा बदल करायचा तर खाडाखोड उघडी पडण्याची भीती असे. पीडीएफ फाइलमध्ये तो काही मिनिटांत होतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

हीच गोष्ट सातबाऱ्याची. ‘इतर अधिकार’ या रकान्यातील बँकेच्या बोज्याची एक ओळ फाइलमधून पुसली, तर कर्जात अडकलेली जमीन निर्वेध भासू लागते. खंडाने किंवा खरेदीने जमीन घेणाऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न मग त्या एका ओळीवर येऊन थांबतो.

असे बदल उघडकीस आणण्याचे साधन म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. मात्र ती आपोआप कोणाचेही रक्षण करत नाही. फाइल स्वीकारणाऱ्याने ती पडताळली, तरच तिचा उपयोग होतो. शेतकऱ्यांची कागदपत्रे हाताळणारे विस्तार कार्यकर्ते, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि स्वतः शेतकरी यांनी ही पडताळणी समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

स्वाक्षरीचे चित्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे

कागदावर सही करून तो स्कॅन केला, किंवा सहीचे छायाचित्र फाइलमध्ये चिकटवले, तर त्याला डिजिटल स्वाक्षरी म्हणत नाहीत. ते केवळ चित्र असते आणि कोणत्याही फाइलमधून उचलून दुसरीकडे लावता येते. गोल शिक्क्याचे चित्र, ‘डिजिटली साइन्ड बाय’ हे शब्द, अधिकाऱ्याचे नाव, तारीख, हिरवी बरोबरची खूण यांपैकी काहीही पानावर नुसते रेखाटता येते. खरी डिजिटल स्वाक्षरी पानावर दिसणाऱ्या चौकटीत नसून फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत असते. ती वाचण्याचे काम संगणकावरील प्रणाली करते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. या अधिनियमाच्या कलम ५ नुसार, कायद्याने जेथे सही आवश्यक आहे, तेथे विहित पद्धतीने केलेली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी ती गरज पूर्ण करते. सर्वच दस्तऐवजांना मात्र ही मुभा नाही. उदाहरणार्थ, मृत्युपत्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. डिजिटल स्वाक्षरी करून केलेल्या मृत्युपत्रावर विसंबून राहणे त्यामुळे धोक्याचे ठरेल.

स्वाक्षरी कशी घडते

डिजिटल स्वाक्षरीमागे दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली फक्त स्वाक्षरी करणाऱ्याजवळ, बहुधा यूएसबी टोकनमध्ये बंदिस्त असते. सार्वजनिक किल्ली कोणालाही उपलब्ध असते. या दोन किल्ल्या गणिती नात्याने बांधलेल्या असल्या, तरी सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे व्यवहारात शक्य होत नाही.

स्वाक्षरी करताना प्रथम संपूर्ण फाइलचा एक संक्षिप्त ठसा काढला जातो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. सध्या प्रचलित असलेल्या शा-२५६ या पद्धतीत फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, ठसा नेहमी २५६ बिटांचा, म्हणजे लिहून दाखवल्यास ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमध्ये एका स्वल्पविरामाचा जरी फरक पडला, तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो. या ठशावर खासगी किल्लीने प्रक्रिया करून जे तयार होते, ती डिजिटल स्वाक्षरी होय.

पडताळणी करणारी प्रणाली उलट दिशेने जाते. समोर आलेल्या फाइलचा ठसा ती नव्याने काढते आणि सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने स्वाक्षरी त्या ठशाशी जुळते का, हे पाहते. दोन्ही जुळले तर फाइल स्वाक्षरीनंतर बदललेली नाही. जुळले नाहीत तर बदललेली आहे. वर सांगितलेल्या अहवालातील एक शून्य याच टप्प्यावर पकडले जाते. कोणता आकडा बदलला, हे प्रणाली सांगू शकत नाही. बदल झाला, एवढे मात्र ती निश्चितपणे सांगते.

विश्वासाची साखळी

फाइल बदललेली नाही, हे कळले तरी एक प्रश्न उरतोच. ही सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच अधिकाऱ्याची कशावरून? कोणीही घरच्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करू शकतो आणि तिला ‘तहसीलदार’ असे नावही देऊ शकतो. अशा किल्लीने केलेली स्वाक्षरी गणिताच्या कसोटीला तंतोतंत उतरेल, तरीही ती बनावटच असेल.

या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यांना बियाण्याच्या व्यवहारातून परिचित आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग असतो. ते बियाणे पांढऱ्या टॅगच्या पायाभूत बियाण्यापासून आणि पायाभूत बियाणे सोनेरी पिवळ्या टॅगच्या पैदासकार बियाण्यापासून आलेले असते. पिशवीवरील टॅगचे मोल त्यामागील साखळीमुळे असते. निळा कागद कोणीही छापू शकतो. पण मागची साखळी दाखवता आली नाही, तर त्या टॅगला अर्थ नाही.

डिजिटल स्वाक्षरीची साखळीही अशीच असते. सर्वांत वर केंद्र शासनाचे ‘प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक’ हे कार्यालय आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीसीए म्हणतात. हे कार्यालय प्रमाणन प्राधिकरणांना परवाना देते. परवानाधारक प्राधिकरण अर्जदाराची ओळख तपासून त्याला डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्रात धारकाचे नाव, ते देणाऱ्या प्राधिकरणाचे नाव, वैधतेचा कालावधी आणि सार्वजनिक किल्ली असते. भारतातील वैध स्वाक्षरीचा माग काढत गेल्यास तो शेवटी ‘सीसीए इंडिया’ या मूळ प्रमाणपत्राशी पोहोचतो. या नावापुढे २०१४ किंवा २०२२ असे वर्ष जोडलेले आढळते.

संगणकावर पडताळणी

पडताळणीसाठी मूळ पीडीएफ फाइल हवी. ती संगणकावर अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडरसारख्या, स्वाक्षरी वाचू शकणाऱ्या प्रणालीत उघडावी. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवरील साध्या पीडीएफ वाचकात स्वाक्षरीची तपासणी बहुधा होतच नाही. तेथे स्वाक्षरीच्या चौकटीत ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ असे शब्द आणि प्रश्नचिन्ह दिसते. याचा अर्थ कागद खोटा आहे असा नाही. त्या साधनाने तपासणी केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढील क्रम उपयोगी ठरतो.

१. फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीतील संदेश वाचावा आणि बाजूचे ‘सिग्नेचर पॅनेल’ उघडावे. पॅनेलच नसेल आणि कोणताही संदेश येत नसेल, तर फाइलमध्ये डिजिटल स्वाक्षरी नाही, मग पानावर काहीही छापलेले असो.

२. स्वाक्षरीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ पाहावेत. स्वाक्षरीनंतर दस्तऐवजात बदल झाला आहे का, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

३. ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ येथे जाऊन प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे आहे, ते कोणी दिले आणि साखळीच्या टोकाला कोणाचे नाव आहे, हे पाहावे. शासकीय सेवांमधून आपोआप स्वाक्षरी होणाऱ्या कागदांवर व्यक्तीऐवजी विभागाचे नाव असू शकते आणि त्याआधी ‘डीएस’ ही अक्षरे असतात. हा दोष नव्हे. संस्थेच्या नावाने दिलेल्या प्रमाणपत्राची ती खूण आहे.

४. स्वाक्षरीची वेळ आणि प्रमाणपत्राची वैधता ताडून पाहावी. स्वाक्षरीच्या क्षणी प्रमाणपत्र वैध असणे आवश्यक आहे. आज ते मुदतबाह्य झाले असेल, तरी तेवढ्यावरून स्वाक्षरी खोटी ठरत नाही. आधारवर आधारित ई-साइन सेवेत तर प्रमाणपत्राची वैधता केवळ ३० मिनिटांची असते.

५. तपासणी करताना इंटरनेट चालू असावे. टोकन हरवल्यामुळे किंवा अन्य कारणाने प्रमाणपत्र मुदतीपूर्वी रद्द केलेले असू शकते. रद्द प्रमाणपत्रांची माहिती प्राधिकरणाच्या संगणकावरूनच मिळते.

तीन खुणांचा अर्थ

हिरवी खूण म्हणजे फाइल अबाधित आहे आणि प्रमाणपत्राची साखळी त्या संगणकाने मान्य केलेल्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचते. ही खूण प्रणालीच्या पट्टीत किंवा पॅनेलमध्ये दिसली पाहिजे. पानावर छापलेली हिरवी खूण जमेस धरू नये.

लाल फुली म्हणजे स्वाक्षरी अवैध आहे. फाइल स्वाक्षरीनंतर बदलली गेली असण्याची शक्यता मोठी. अशी फाइल स्वीकारू नये आणि कागद देणाऱ्या कार्यालयाकडून नवी प्रत मागवावी. काही वेळा स्वाक्षरीनंतर फाइलमध्ये भर घातलेली असते आणि प्रणाली तसे नोंदवते. तेव्हा ‘स्वाक्षरी केलेली आवृत्ती पाहा’ या आशयाचा पर्याय निवडून तीच आवृत्ती विचारात घ्यावी.

पिवळी खूण सर्वाधिक गोंधळ घालते. ‘व्हॅलिडिटी अननोन’ या शब्दांचा अर्थ असा की, फाइलमध्ये बदल आढळला नाही. परंतु स्वाक्षरी करणाऱ्याची ओळख या संगणकाला पटवता आली नाही. भारतातील मूळ प्रमाणपत्र अनेक संगणकांवर आधीपासून नोंदलेले नसते, म्हणून खऱ्या शासकीय कागदांवरही पिवळी खूण उमटते. येथे एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो : प्रमाणपत्रावर क्लिक करा, ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ निवडा, खूण हिरवी होईल. खूण हिरवी होते हे खरे. पण बनावट प्रमाणपत्रावरही ती तशीच हिरवी होते! यात प्रणालीने काहीही तपासलेले नसते. वापरणाऱ्याने तिला ‘यावर विश्वास ठेव’ असे सांगितलेले असते आणि ती आज्ञा पाळते.

योग्य क्रम उलटा आहे. प्रथम सीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘सीसीए इंडिया’ हे मूळ प्रमाणपत्र घ्यावे आणि तेच विश्वसनीय म्हणून नोंदवावे. हे काम त्या संगणकावर एकदाच करायचे असते. त्यानंतर परवानाधारक प्राधिकरणांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची साखळी प्रणाली स्वतः जुळवते. तरीही एखादी स्वाक्षरी पिवळीच राहिली, तर तिचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका मूळ प्रमाणपत्रावर विचारपूर्वक विश्वास ठेवणे आणि समोर येईल त्या प्रत्येक प्रमाणपत्रावर विश्वास ठेवणे, यांतील फरक म्हणजेच पडताळणी.

छापील प्रत आणि पडताळणी क्रमांक

डिजिटल स्वाक्षरी असलेली फाइल छापली की स्वाक्षरी मागे राहते. कागदावर येते ते तिचे चित्र. म्हणून छापील प्रतीची पडताळणी दुसऱ्या मार्गाने करावी लागते.

महाराष्ट्रात महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीत सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. त्याच्या तळाशी १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. संकेतस्थळावरील पडताळणीच्या जागी तो क्रमांक भरला की मूळ अभिलेख समोर येतो. केवळ अभिलेख उघडला म्हणून काम संपत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांची नावे, फेरफार क्रमांक आणि ‘इतर अधिकार’ रकान्यातील नोंदी हातातील प्रतीशी ओळीने ताडून पाहाव्यात. बनावट प्रतीवर खरा क्रमांक टाकलेला असू शकतो. तेव्हा क्रमांक जुळतो आणि बोज्याची ओळ जुळत नाही. भूलेख संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा विनास्वाक्षरी सातबारा मात्र केवळ माहितीसाठी असतो. शासकीय वा कायदेशीर कामासाठी तो चालत नाही.

अन्य राज्यांत अधिकार अभिलेखाचे नाव आणि संकेतस्थळ वेगळे असते. कर्नाटकात पहाणी, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, तर गुजरातमध्ये सात-बारा हेच नाव आहे. पडताळणीचे तत्त्व सर्वत्र एकच राहते : कागदावरील मजकूर मूळ स्रोताशी ताडून पाहणे.

क्यूआर कोडबाबत विशेष सावधगिरी हवी. काही क्यूआर कोडांमध्ये केवळ संकेतस्थळाचा पत्ता असतो. बनावट कागदावरील कोड हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर नेऊ शकतो आणि तेथे ‘कागद वैध आहे’ असे लिहिलेले असू शकते. म्हणून उघडलेला पत्ता शासनाचा आहे का, हे पाहावे. त्याहून उत्तम म्हणजे अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून त्यात क्रमांक भरावा. आधारवरील सुरक्षित क्यूआर कोड निराळा आहे. त्यातील माहितीवरच विशिष्ट ओळख प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते आणि प्राधिकरणाच्या अधिकृत अ‍ॅपने ती तपासता येते.

डिजिलॉकरमध्येही दोन विभागांतील भेद लक्षात घ्यावा. ‘इश्यूड’ विभागातील कागद देणाऱ्या विभागाकडून थेट येतात आणि कायद्याने ते मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात. ‘अपलोडेड’ विभागात मात्र वापरणाऱ्याने स्वतः चढवलेल्या प्रती असतात. डिजिलॉकरमध्ये आहे, एवढ्यावरून त्या खऱ्या ठरत नाहीत.

चांगली स्वाक्षरी कशी बिघडते

अनेकदा कागद खरा असतो. पण हाताळणीत स्वाक्षरी नष्ट होते आणि शेतकऱ्याला हेलपाटे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. स्क्रीनशॉट किंवा छायाचित्र पाठवल्यास स्वाक्षरी उरत नाही. ऑनलाइन अर्जातील आकारमर्यादेत बसवण्यासाठी फाइल आक्रसली, अनेक फाइली एकत्र जोडल्या किंवा एखादे पान वेगळे काढले, तरीही स्वाक्षरी मोडते. ई-आधारचा पासवर्ड काढण्यासाठी ‘प्रिंट टू पीडीएफ’ करण्याची युक्ती प्रचलित आहे. तीही स्वाक्षरी घालवते. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावी आणि असे सर्व प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत.

पडताळणी काय सांगत नाही

भातातील पोंगा सुकलेला दिसला, की त्याचे कारण खोडकिडाच, असे पीक संरक्षणातील जाणकार लगेच ठरवत नाही. तो पोंगा उपटून, खोड चिरून पाहतो. हिरव्या खुणेबाबतही हीच शिस्त हवी. ती दोनच गोष्टी सांगते : फाइल कोणी स्वाक्षरित केली आणि त्यानंतर ती बदलली का. मजकूर सत्य आहे, असे ती सांगत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालावरील स्वाक्षरी वैध असली, तरी नमुना त्याच बागेतून आणि योग्य पद्धतीने घेतला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कीडनाशकाच्या नोंदणी प्रमाणपत्राची फाइल खरी असली, तरी त्या कीडनाशकाची शिफारस समोरच्या पिकासाठी आणि किडीसाठी आहे का, हे लेबलवरच पाहावे लागते. तसेच सहा महिन्यांपूर्वी स्वाक्षरी झालेला सातबारा त्या दिवसाची स्थिती सांगतो. नंतर झालेला फेरफार किंवा चढलेला बोजा त्यात दिसणार नाही. व्यवहाराच्या दिवशी नवा उतारा घेणे, हाच त्यावर उपाय.

याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या कागदावर डिजिटल स्वाक्षरी नाही, म्हणून तो आपोआप खोटा ठरत नाही. अशा वेळी अहवाल क्रमांक घेऊन देणाऱ्या संस्थेशी थेट संपर्क साधावा. मात्र दूरध्वनी क्रमांक त्या कागदावरून न घेता स्वतंत्रपणे मिळवावा.

स्वतःची किल्ली स्वतःजवळ

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना कंपनीविषयक विवरणपत्रे भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र घ्यावे लागते. सोयीखातर टोकन आणि त्याचा पिन लेखापालाकडे किंवा संगणक चालकाकडे ठेवण्याची प्रथा पडली आहे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्यासारखेच हे आहे. त्या टोकनने होणारी प्रत्येक स्वाक्षरी संचालकाचीच मानली जाण्याची शक्यता असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घेणे आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकरणाला विनाविलंब कळवणे, हे धारकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरणाऱ्यास कलम ६६-सी अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु त्याला शिक्षा झाली, तरी मधल्या काळात झालेले नुकसान भरून येतेच असे नाही. टोकन कपाटात कुलूपबंद असावे, पिन कोणालाही सांगू नये आणि स्वाक्षरी होताना संचालकाने स्वतः समोर बसून मजकूर वाचावा.

थोडक्यात

• मूळ फाइल मागावी. छायाचित्र, स्क्रीनशॉट वा स्कॅन केलेली प्रत तिची जागा घेऊ शकत नाही.
• फाइल स्वाक्षरी वाचणाऱ्या प्रणालीत उघडावी आणि खूण पानावर न पाहता पॅनेलमध्ये पाहावी.
• ‘बदल झाला का’ आणि ‘स्वाक्षरी कोणाची’ या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधावीत.
• पिवळी खूण दिसल्यास साखळी ‘सीसीए इंडिया’पर्यंत पोहोचते का, हे पाहावे; डोळे मिटून विश्वास नोंदवू नये.
• छापील प्रत असल्यास अधिकृत संकेतस्थळावर पडताळणी क्रमांक भरून मजकूर ओळीने ताडावा.
• स्वाक्षरीची तारीख पाहावी आणि जुना उतारा व्यवहारासाठी वापरू नये.

या तपासणीला सवय झाल्यावर पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. बियाण्याची पिशवी घेताना टॅग आणि सील पाहणारा शेतकरी ते संशयापोटी पाहत नाही. पूर्ण हंगाम त्या पिशवीवर अवलंबून असतो, म्हणून पाहतो. जमीन, कर्ज आणि निर्यात ज्या फाइलवर अवलंबून आहेत, तिच्या बाबतीतही तीच सवय लागली पाहिजे. गावपातळीवरील प्रशिक्षणात विस्तार कार्यकर्त्यांनी एक खरी फाइल आणि तिच्यातील एक आकडा बदललेली प्रत अशा दोन्ही संगणकावर शेजारी उघडून दाखवल्या, तर डोळ्यांना न दिसणारा फरक स्वाक्षरीला कसा दिसतो, हे शेतकऱ्यांना स्वतः पाहता येईल.